शेडमधले काळे

थोरलीने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका जिवंत कोंबडीच्या अंगात.

पाय अधू झालेली कोंबडी होती, भिंतीच्या कडेला पडून राहिलेली. सकाळी मरतुक, रात्रीत मेलेल्या कोंबड्या, गोळा करायला थोरली बादली घेऊन शेडमध्ये शिरली. मेलीच असेल म्हणून तिने कोंबडी उचलली, तर कोंबडीने डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. पंखाखाली हाताला ओलं लागलं. उलटी करून बघते तर कातडीला भोक, आणि भोकात नुसती वळवळ. पिवळट, टणक अळ्या आणि त्यांच्यामागे तांदळाच्या दाण्याएवढे काळे चकचकीत किडे, एकमेकांना रेटत आत घुसत होते. कोंबडी ओरडतसुद्धा नव्हती. थोरलीने डोळे मिटून तिची मान मुरगळली आणि बादलीत टाकली. मग कोपरापर्यंत हात घासत ती नळाखाली किती तरी वेळ बसून राहिली.

"अहो, हे काय आलंय आपल्याकडे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पाहुणे," शेडवाला म्हणाला. त्याला कशाचीही थट्टा करायची खोड होती. "मेलेलं साफ करतात, खालचं तुसाचं लिटर कोरडं ठेवतात. पगार मागत नाहीत. राहू देत."

"मेलेलं नव्हतं ते."

"मरणारच होतं."

पुढच्या फेरीला जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा थोरलीने त्यांच्यासमोर पायाने तूस उकरलं. वरचा थर बाजूला होताच खालची जमीन हलायला लागली.

"काळा भुंगेरा," डॉक्टर म्हणाले. "तुसात अंडी घालतो. दीडेक महिन्यात अंड्याचा किडा होतो आणि पुढे वर्षभर मरत नाही. सांडलेलं खाद्य, शीट, मेलेलं पिल्लू, उठता न येणारी कोंबडी, त्याला काही वर्ज्य नाही. काहीच नसलं तर एकमेकांना खातात. अळी कोषात गेली की मऊ पडते, तिला हलता येत नाही. मग तिचेच भाऊ तिला फस्त करतात. म्हणून वेळ आली की अळी गर्दीतून पळते, भिंत चढते, भिंतीच्या आतला फोम कोरते आणि आत एकटी दडून बसते."

"म्हणजे भाऊबंदकीच की!" शेडवाला हसला.

डॉक्टर हसले नाहीत. "कोंबड्यांची बॅच गेली की त्याच दिवशी फवारा. शेड गरम आहे तोवरच. गार पडली की सगळे भिंतीत शिरतील, मग ब्रह्मदेव आला तरी निघायचे नाहीत. आणि काढलेलं लिटर उघड्यावर टाकू नका. झाकून कुजवा. उकाड्याच्या संध्याकाळी हे उडतात. दिवा दिसेल तिकडे जातात."

दिवा दिसेल तिकडे म्हणजे कुंपणापलीकडे. तिथे एका ओळीत बैठी घरं होती. टोकाला बेकरी होती आणि कुंपणापासून दुसरं घर थोरलीच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं. ते घर थोरलीनेच शोधून दिलं होतं. धाकटीचा नवरा वेल्डर. दोघी बहिणींची लग्नं वर्षाच्या आत झाली आणि दोघे साडू पाठच्या भावांसारखे एकमेकांना चिकटले. ही बंद शेड वेल्डरनेच उभी केली होती. पत्र्याच्या भिंती, आतून फोम, टोकाला मोठाले पंखे, आणि लोखंडी दरवाजा, बाहेरून जाडजूड कडीचा. शेडवाला हाताखाली गज धरून उभा राहायचा आणि वेल्डर त्याला शिव्या घालायचा.

छताचा एक सांधा सुटला म्हणून वेल्डर शिडीवर चढला तेव्हा त्याने फोमचा एक तुकडा ओढला. आतून वाळूसारखे किडे ओघळले, त्याच्या तोंडावर, शर्टात, कानामागे. तो धडपडत खाली आला आणि अंग झटकत नाचायला लागला. शेडवाला हसून हसून जमिनीवर बसला.

"हस, हस," वेल्डर थुंकत म्हणाला. "साडू, तुझ्या छताची चाळण झालीय. निम्मा फोम यांनी खाल्लाय. एक दिवस तुझ्या टाळक्यावर येईल ते."

"तू आहेस ना लावायला."

बॅच गेली आणि नेमकी त्याच वेळी ज्या कंपनीसाठी तो कोंबड्या वाढवायचा तिची नवीन पिल्लं ठरल्यापेक्षा आधी यायची निघाली. शेडवाल्याची धांदल उडाली. फवारणीला उसंत नव्हती. त्याने माणसं लावून सगळं लिटर ओढून काढलं आणि शेड आणि कुंपणामधल्या चिंचोळ्या पट्टीतच ढीग घातला. उघडाच.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" थोरलीने विचारलं.

"डॉक्टरला काय जातंय बोलायला? पिल्लं दारात येऊन ठेपलीत. ढीग नंतर उचलतो."

थोरलीने पुन्हा विचारलं नाही. पिल्लांना ऊब देणारे ब्रूडर मांडायचे होते, गॅसच्या टाक्या जोडायच्या होत्या, पाण्याची भांडी धुवायची होती. पिल्लं आली. शेडच्या एका टोकाला पडदा लावून दोघांनी ती उबेत सोडली आणि कामात कुंपणापलीकडे काय चाललंय ते त्यांना कळलंच नाही.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. धाकटीने दिवे लावले आणि खिडकीच्या काचेवर टपटप सुरू झाली. तिला वाटलं, कुणी खडे मारतंय. मग दाराखालून काळी रेघ आत आली. रेघ रुंद होत गेली. ती झाडू घेऊन धावली, तोवर किडे ओट्यावर होते, भातात होते, टांगलेल्या कपड्यांच्या घड्यांत होते. पायाखाली कुरकुर चिरडत होते आणि एक उग्र, औषधासारखा दर्प घरभर सुटला होता. शेजारीपाजारी हीच आरडाओरड. बेकरीवाला कणकेच्या परातीत हात घालून किडे उपसत होता आणि आईमाईवरून शिव्या देत होता.

धाकटीची मुलगी पाळण्यात होती. अजून वर्षाची व्हायची होती, सगळे तिला चिऊ म्हणायचे. ती एकदम किंचाळली. रडणं वेगळं आणि हे वेगळं, हे आईला लगेच कळलं. चिऊ डोकं पाळण्याच्या गजावर आपटत होती, हाताने कान ओरबाडत होती. वेल्डरने बॅटरी लावून पाहिलं. कानात काळं काही तरी मागचे पाय झाडत होतं. चिमट्याने पकडायला गेला तसं ते आणखी आत गेलं. किड्याला मागे वळता येत नव्हतं. तो पुढे कोरत राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी तेल घालून किडा मारला आणि तुकड्यातुकड्यांनी काढला. पडदा फाटला होता. त्याच्या आतलंही काही वाचलं नव्हतं. "या कानाने ऐकू येणं कठीण आहे," एवढंच ते म्हणाले. धाकटीच्या खांद्यावर पोरीचं रक्त वाळलं होतं. ते तिने धुतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पोरीला घेऊन परतली. धाकटी घरात गेली. वेल्डर बाहेरच थांबला, हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना काढला आणि कुंपण ओलांडून शेडकडे निघाला. ओळीतली माणसं आपापल्या दारात झाडू घेऊन उभी होती. तीही त्याच्यामागून निघाली.

शेडवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दारात खाद्याची पोती मोजत होता. साडूला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"या साडूभाऊ! पिल्लं बघायला आलात, की मोठी झाल्यावर खायला..."

पाना त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज थोरलीने आतून ऐकला. ती धावत बाहेर आली तोवर शेडवाला पोत्यांवर आडवा पडला होता आणि वेल्डर त्याच्या छाताडावर बसून मारत होता, एका शब्दाशिवाय, लोखंड ठोकावं तसा.

"अहो, मराल की दोघं! सोडा त्यांना!" थोरलीने त्याचा हात धरला. पाना तिच्या मनगटावर आला. तिचा हात कोपरापुढे भलत्याच दिशेला लोंबला. वेल्डरने तिच्याकडे पाहिलं, क्षणभर थबकला. तेवढ्यात शेडवाल्याच्या हाती फावडं लागलं. त्याने खालूनच ते वर हाणलं. फावड्याच्या कडेने वेल्डरची भुवई उभी फाटली आणि तो मागे कलंडला.

"काय केलंय मी तुझं?" शेडवाला मोडक्या जबड्यातून ओरडला. शब्द रक्तात बुडत होते.

"माझ्या पोरीचा कान खाल्ला तुझ्या किड्यांनी!" वेल्डर किंचाळला. डोळ्यांत रक्त उतरलं होतं, त्याला दिसत नव्हतं. तो हवेतच पाना फिरवत होता.

शेडवाल्याच्या हातातलं फावडं गळालं. "चिऊचा?" तो म्हणाला. पण ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. ओळीतले लोक आता कुंपणाच्या आत होते. कुणी त्याला लाथ घातली, कुणी झाडूच्या दांड्याने हाणलं. दोन बायकांनी थोरलीला मागून घट्ट धरलं. तिला वाचवायला धरलं की अडवायला, ते त्यांचं त्यांना तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

"ढीग पेटवा आधी!" बेकरीवाल्याने रॉकेलचा डबा लिटरवर उपडा केला आणि काडी ओढली.

तूस वाळकं होतं. भपकन पेटलं. ढिगातून किडे बाहेर पडले, पेटलेले, न पेटलेले, सगळ्या दिशांनी पसरले. त्यांच्या मागे ज्वाळा सरकत शेडच्या पत्र्याला भिडली. पत्र्याला काही झालं नाही. पण खालच्या फटीतून धग आत गेली आणि पोखरलेल्या फोमने पेट घेतला. छताच्या कडेने काळा धूर सुटला.

शेडवाला कसाबसा उभा राहिला. लोकांना वाटलं, पळतोय. तो आत पळाला.

"टाक्या!" थोरलीला त्याचा आवाज आला. गॅसच्या टाक्या बंद करायला गेला होता तो. पिल्लांसाठीही गेला असेल. थोरली बायकांच्या हातांतून सुटायला धडपडत होती आणि तेव्हाच तिने धाकटीला पाहिलं.

धाकटी कधी आली ते कुणालाच कळलं नव्हतं. कडेवर पोर नव्हतं, खांद्यावर वाळलेलं रक्त होतं. गर्दी आगीकडे बघत होती. धाकटी दरवाजापाशी गेली, लोखंडी दार ओढलं आणि कडी सरकवली. घाई नाही, राग नाही. बाहेर जाताना आपल्या घराला लावायची तशी. मग ती मागे फिरली. दोघी बहिणींची नजरानजर झाली.

थोरली ओरडली. शब्द फुटलेच नाहीत, नुसता आवाज. त्या गोंगाटात तो आणखी एक आवाज होता.

आतून दारावर धक्के बसायला लागले.

जमिनीवर बसलेल्या वेल्डरने ते ऐकले. त्याने बाहीने डोळा पुसला. दार बंद, धूर, आणि आत त्याचा साडू. तो उठून दाराशी गेला. कडी तापून अडकली होती, हाताची कातडी तिला चिकटून आली. मग तो शेडला वळसा घालून पंख्यांकडे धावला. तिथली चौकट त्याने स्वतःच चारच ठिकाणी वेल्डिंगचा ठिपका देऊन बसवली होती. पाना फटीत घालून त्याने ती उचकटली, तापलेली चौकट दोन्ही हातांनी ओढून फेकली आणि डोकं खाली घालून आत शिरला.

छत खाली येत होतं. वितळलेला फोम धारांनी गळत होता आणि प्रत्येक धारेत जळते किडे होते. त्याने साडूला काखेत धरून बाहेर ओढलं तेव्हा शेडवाल्याच्या पाठीला शर्ट उरला नव्हता. टाक्या शेडवाल्याने बंद केल्या होत्या. नाहीतर ओळीतलं एकही घर राहिलं नसतं. पिल्लांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग थांबला.

शेडवाला तिसऱ्या दिवशी गेला. त्याच दवाखान्यात पलीकडच्या खोलीत वेल्डर दोन्ही हातांना पट्ट्या बांधून पडला होता. धाकटी त्याच्याजवळ बसून काही तरी सांगत होती, अगदी हळू. त्यानंतर इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी विचारलं, कडी कुणी लावली?

"मी," वेल्डर म्हणाला. "रागात होतो. नंतर पश्चात्ताप झाला म्हणून आत गेलो."

थोरली दाराशी उभी होती. हाताला प्लास्टर, कपाळ मोकळं. तिने सगळं ऐकलं आणि तिथून निघाली. सरळ धाकटीच्या घरी गेली. धाकटी तोवर परतली होती, पोरीचं दूध गरम करत होती.

"कडी तू लावलीस," थोरली म्हणाली.

"हो."

"आत माझा नवरा होता."

"ठाऊक होतं."

"आग लागेल हे नसेल ठाऊक. तसं सांग. निदान तसं तरी सांग मला."

धाकटीने गॅस बंद केला. "लागलेली दिसत होती, ताई. मला वाटलं, आत राहू देत त्यांना. त्या किड्यांबरोबर. माझी पोर किंचाळत होती ना, तसं किंचाळू देत."

थोरलीने प्लास्टरचा हात तिच्या तोंडावर मारला. धाकटी ओट्यावर आदळली, दूध सांडलं. थोरलीने पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा धाकटीने तिचे केस धरले आणि दोघी जमिनीवर कोसळल्या. लहानपणी एका फणीवरून भांडायच्या तशा नाही. थोरलीचा गुडघा धाकटीच्या पोटात होता, धाकटीचे दात थोरलीच्या दंडात रुतले होते, आणि मोडलेल्या हाताच्या कळा डोक्यापर्यंत जात असूनही थोरली थांबत नव्हती. हाताला लागलेलं पातेलं तिने वर उचललं.

पाळण्यात चिऊ रडायला लागली. उठून बसली होती आणि आवाज कुठून येतोय ते तिला कळत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून आईला हाक मारत होती.

थोरलीच्या हातातलं पातेलं खाली आलं. दोघी धापा टाकत तशाच पडून राहिल्या.

"ते म्हणतात, मीच भोगतो," धाकटी म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. "पोरीला आई हवी म्हणतात."

"आणि तू हो म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"माझ्या माणसाला जिवंत ओढून काढायला जो आत गेला, तो तुरुंगात जाणार? हात जाळून घेतलेला माणूस?"

"मग जा, सांग. मी कुठे पळून जातेय?"

थोरलीने जाऊन सांगितलं. तिने दोन्हीकडचा विचार केला होता. लगेच गेली नाही, त्या रात्री नाही, पुढच्याही नाही; आठवडाभर ती जेवलीच नव्हती. पण जबाब द्यायची वेळ आली तेव्हा जे पाहिलं तेच तिच्या तोंडून आलं. वेल्डर खाटेवरून ओरडला, "ताई खोटं बोलताहेत! त्यांचं डोकं ठिकाणावर नाही!" मग धाकटीनेच पुढे होऊन कबुली दिली आणि तो भिंतीकडे तोंड करून निजला.

धाकटीला शिक्षा झाली. बेकरीवाला सुटला. काडी कुणी ओढली ते सांगायला ओळीतला एक माणूस पुढे आला नाही, आणि थोरलीने सांगितलं तर म्हणे धुरात तिला नीट दिसलं नसेल. दिसली ती फक्त बहीण. सुटल्यावर त्याने तिच्याकडे पावाची टोपली पाठवली. तिने ती बेकरीत नेऊन, गिऱ्हाइकांसमोर, त्याच्या डोक्यावर उपडी केली आणि वर कानफटात दिली. त्याने गाल चोळला, पण पोलिसांत गेला नाही.

शेड भुईसपाट केली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, जळून मेले ते वरचे. जमिनीत शिरलेले असतीलच. होतेच. पुढच्या उन्हाळ्यात ओळीतल्या घरांत पिठाच्या डब्याखाली, उशीच्या अभ्र्यात, सतरंजीच्या घडीत काळा दाणा सापडायचा, हलणारा. आता कुणी आरडाओरड करत नव्हतं. बायका गुपचूप सुपलीत भरून बाहेर नेऊन टाकायच्या आणि एकमेकींना सांगायच्या नाहीत.

वेल्डरची बोटं एकमेकांना जुळून आली. त्याला वेल्डिंगचा होल्डर धरता येईना, गज धरता येईना. एका गोदामावर राखणदार म्हणून लागला. चिऊला सांभाळायला दुसरं होतं कोण? पहिल्यांदा तो तिला थोरलीच्या उंबऱ्यावर ठेवून गेला तेव्हा बोलला नाही. वर्षभर बोलला नाही. सकाळी पोर उंबऱ्यावर बसवायची, कडी वाजवायची, आणि थोरली दार उघडेपर्यंत रस्त्याला लागायचं. लोक बोलायचे, बोलू देत. थोरली पोरीच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून तिला बोलायला शिकवत होती. एका सकाळी तो रस्त्याला लागला नाही. दार उघडल्यावर म्हणाला, "ताप आहे तिला. औषध पिशवीत आहे." थोरली म्हणाली, "बरं." तेव्हापासून गरजेपुरतं बोलणं सुरू झालं.

भेटीच्या दिवशी थोरलीच चिऊला तुरुंगाच्या फाटकाशी नेते. वेल्डरला त्या दिवशी रजा मिळत नाही. आत चिऊ एकटी जाते, पहारेकरीण बोट धरून नेते. भेटीला येणाऱ्यांत धाकटी फक्त पोरीचं नाव सांगते. थोरली रस्त्याकडेच्या बाकावर बसून राहते. तिथे बाकीचेही बसलेले असतात, कुणाचा मुलगा आत, कुणाची सून. डबे उघडतात, उन्हाबद्दल बोलतात.

गेल्या खेपेला पहारेकरीण चिऊला आत सोडून परत बाहेर आली आणि बाकापाशी थांबली.

"तुम्हीच ना मोठी बहीण? आज तुमचंही नाव सांगितलंय तिने. चला."

थोरली उठली. पदर सारखा केला. फाटकापर्यंत गेली, उंबऱ्यावर एक पाय ठेवला आणि आतला थंड बोळ पाहून उभी राहिली. मागची माणसं वाट बघत होती.

"नाही जमत," ती म्हणाली. पाय मागे घेतला.

"मग काय सांगू तिला?"

थोरलीने बाकाकडे पाहिलं, मग पहारेकरणीकडे.

"सांगा, आज येत नाही," ती म्हणाली. "पण बाहेर बसलेय म्हणावं."